पहारा कुणावर, कुठपर्यंत

देशात एके काळी वीसहून अधिक शेअर बाजार होते. पुण्याला होता, मंगळूरला होता, राजकोटला आणि गुवाहाटीलाही होता. गोव्याला तो कधीच नव्हता. लोहखनिजाने भरलेली जहाजे जपानकडे धाडणारा हा मुलूख. इथल्या कितीतरी घरांतला एकेक माणूस आखातात किंवा बोटीवर. पण शेअर घ्यायचे तर पणजी, म्हापसा किंवा मडगावला बसलेल्या एखाद्या उपदलालाकडे जायचे, आणि त्याचा धागा पुढे मुंबईला. डिचोली आणि पेडणे त्याहूनही एक टप्पा लांब. तिथे बाजार म्हणजे इमारत नाही, घंटा नाही, भावांचा फलक नाही. तिथे बाजार म्हणजे एक ओळखीचा माणूस.

हे आधी सांगायचे कारण असे की, ब्रोकरांवर देखरेख कशी चालते यावरचे बहुतेक लिखाण दलाल स्ट्रीटवर उभे राहून केलेले असते. तिथून पाहिले तर गेल्या सहा-सात वर्षांत झालेले काम खरोखर मोठे आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. डिचोलीच्या बसस्थानकावरून मात्र त्याच कामातली एक मोठी फट दिसते. सेबीने, म्हणजे शेअर बाजारांच्या नियामक संस्थेने, ब्रोकरच्या तिजोरीवर कडक पहारा बसवला. गुंतवणूकदार आणि तिजोरी यांच्यामधल्या वाटेवर जो माणूस उभा असतो, त्याच्याकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. आणि आता लूट होते ती त्या वाटेवर.

पहारा कसा बसत गेला ते थोडक्यात पाहू. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईची शेअरांची झिंग काही महिन्यांत उतरली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, दलालांनी आपली संघटना बांधली. सभासद कोण, दंड कुणाला, तंट्यात खरे कोणाचे, हे सगळे दलालच ठरवणार. ग्राहकाला त्यात आवाज नाही. ए. डी. गोरवाला समितीच्या शिफारशींवरून १९५६ चा रोखे करार नियमन कायदा आला, तरी रोजचा कारभार दलालांच्याच हाती राहिला. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली. पण कायद्याचे बळ तिला मिळाले १९९२ च्या जानेवारीत, आणि तीनच महिन्यांनी हर्षद मेहताचा शेअर घोटाळा फुटला. आता नोंदणी करावी लागेल, उलाढालीवर शुल्क भरावे लागेल, दप्तर दाखवावे लागेल, हे दलालांच्या पचनी पडायला बरीच वर्षे लागली. शुल्काचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये सेबीच्या बाजूने सुटला. त्याच वर्षी केतन पारेखचा शेअर घोटाळा झाला आणि दलालांनीच बाजार चालवायचा ही जुनी रीत मोडीत निघाली.

आजची रचना तीन मजली आहे. वर सेबी. तिच्याखाली शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि एनएसडीएल व सीडीएसएल या दोन डिपॉझिटरी. त्यांच्याखाली ब्रोकर. परवाना सेबी देते, पण ब्रोकरची तपासणी करणे, त्याच्याकडून ग्राहकांच्या पैशांचे आणि शेअरांचे आकडे मागवणे, दंड लावणे हे बरेचसे काम शेअर बाजारांकडे आहे. यातली एक गोम विसरली जाते. शेअर बाजार आता नफा कमावणाऱ्या कंपन्या आहेत. मुंबई शेअर बाजाराचे (बीएसई) स्वतःचे शेअर २०१७ पासून खुलेपणाने विकले-घेतले जातात. त्यांची मोठी मिळकत होते व्यवहारांवरच्या शुल्कातून, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या ब्रोकरांच्या उलाढालीतून. मोठ्या ब्रोकरवर कारवाई करताना अशा पहारेकऱ्याचा हात जरा जड होतो, असे म्हणणे कुणाला कुत्सित वाटेल. कार्वीचा इतिहास वाचल्यावर वाटत नाही.

कार्वी स्टॉक ब्रोकिंग ही हैदराबादची कंपनी, आणि कार्वी हे देशभर ओळखीचे नाव. शेअर खरेदी-विक्री, डिमॅट खाते, म्युच्युअल फंडांचे फॉर्म, सगळे एकाच छताखाली. ग्राहकांनी तिला मुखत्यारपत्र दिलेले असे, म्हणजे शेअर विकल्यावर ते खात्यातून काढून देण्याचा अधिकार. त्याच अधिकाराने कंपनीने ज्यांच्याकडून काही येणे नव्हते अशाही ग्राहकांचे शेअर आपल्या खात्यात ओढले आणि बँकांकडे व वित्त कंपन्यांकडे गहाण टाकून कर्जे उचलली. सेबीने जून २०१९ मध्ये परिपत्रक काढले, की ग्राहकांचे शेअर असे गहाण टाकता येणार नाहीत, जे टाकलेत ते सोडवून परत करा. तिथे गाडे अडले. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) तपासणी केली. ज्या डिमॅट खात्यातून हा खेळ चालला होता, त्याची माहिती कंपनीने बाजाराला दिलेलीच नव्हती. २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीचा एकतर्फी अंतरिम आदेश आला. एप्रिल २०१६ ते ऑक्टोबर २०१९ या काळात समूहातल्या बांधकाम कंपनीकडे वळवलेली रक्कम १,०९६ कोटींची, असे त्यात नोंदले होते; गहाण शेअर सुमारे २,३०० कोटींचे निघाले.

म्हणजे साडेतीन वर्षे. या साडेतीन वर्षांत लेखापरीक्षण होत होते, अहवाल जात होते, तपासण्यांचे वेळापत्रक पाळले जात होते. एप्रिल २०२२ मध्ये सेबीने या ढिलाईबद्दल बीएसईला ३ कोटी आणि एनएसईला २ कोटी दंड केला. पहारेकऱ्यालाच दंड होण्याचा हा प्रसंग दुर्मीळ, म्हणून लक्षात ठेवण्यासारखा.

डिसेंबर २०१९ मध्ये एनएसडीएलने ८० हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत फिरवले, तेव्हा देशभर सुटकेचा निःश्वास टाकला गेला. मग कर्ज देणाऱ्या बँका भांडायला उठल्या: गहाणखत आमच्या नावाने रीतसर नोंदवलेले आहे, ते तुम्ही परस्पर कसे मोडलेत? रोखे अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयाकडे सरकला. कायद्याच्या दृष्टीने बँकांचा मुद्दा पोकळ नव्हता. ग्राहकाचे शेअर आणि ब्रोकरचे शेअर एकाच खात्यात मिसळू दिले, की नंतर न्याय करायला बसलेल्याला कुणावर तरी अन्याय करावाच लागतो.

यातून सेबीने घेतलेला धडा मला फार मोलाचा वाटतो. तपासण्या वाढवण्यावर ती थांबली नाही. मोह होईल असे काही ब्रोकरच्या हाताशी ठेवायचेच नाही, अशा बेताने तिने सगळी यंत्रणा फिरवली. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी शेअर द्यायचे असले तरी ते ग्राहकाच्याच खात्यात राहतात आणि तिथेच त्यांच्यावर तारणाची नोंद होते; ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय ती होत नाही. २०२२ मध्ये सरसकट मुखत्यारपत्राच्या जागी मोजक्याच कामांपुरते संमतिपत्र आले. २०२३ पासून ग्राहकाचा पैसा ब्रोकरकडे मुक्कामाला राहू नये, दिवसअखेर क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोचावा, असा नियम झाला. वापरात नसलेली शिल्लक महिन्याला किंवा तिमाहीला ग्राहकाच्या बँकेत आपोआप परत जाते. घेतलेले शेअर आता ब्रोकरच्या खात्यात न थांबता थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये उतरतात. कार्वीने जे केले ते आज तसेच्या तसे करायचे म्हटले तर फार अवघड आहे. सरकारी नियमनात इतके नेमके यश क्वचित मिळते.

डिचोलीच्या माणसाला उशिरा जागा झालेला पहारेकरी काय करतो हे शिकवावे लागत नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. खाणींची कायद्याने ठरवलेली तपासणी होतच नव्हती आणि त्यामुळे कुणाला कसली भीती उरली नव्हती, असा त्याचा ठपका. नुकसानीचा अंदाज ३५ हजार कोटींच्या घरातला. अहवाल मांडल्यावर काही दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा सगळे थांबले. ज्यांनी मर्यादेबाहेर खनिज उपसले त्यांच्याकडे वकील होते. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या साखळी-डिचोलीच्या माणसाकडे हप्ते होते. वेळेवर न झालेली देखरेख शेवटी सरसकट बंदीच्या रूपाने येते, आणि ती बंदी आधी लुबाडल्या गेलेल्यालाच पुन्हा भोवते. कार्वीच्या ग्राहकांचेही तेच झाले: आधी शेअर गहाण गेले, मग आदेश आल्यावर खात्याचे व्यवहार अडकले.

म्हणून तपासणीपेक्षा रचनेवर भर देण्याचे सेबीचे धोरण योग्यच. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

पूर्वी ब्रोकरच्या खाली 'उपदलाल' हा सेबीकडे नोंदलेला वर्ग होता. २०१८ मध्ये सेबीने तो मोडीत काढायचे ठरवले आणि मार्च २०१९ पर्यंत त्यांना 'अधिकृत व्यक्ती' व्हायला सांगितले. अधिकृत व्यक्तीची नोंद शेअर बाजाराकडे होते, सेबीकडे नाही. तिच्याबद्दलचे २००९ पासूनचे नियम कागदावर चोख आहेत. तिने ग्राहकाचा पैसा किंवा शेअर स्वतःच्या नावावर घ्यायचा नाही. तिने केलेले आणि करायचे राहिलेले सगळे ब्रोकरचेच समजले जाईल. हे शेवटचे वाक्य वाचून कुणालाही वाटेल की तालुक्यातला ग्राहक सुरक्षित झाला.

आता पेडण्याकडे चला. मोपच्या विमानतळासाठी मोप, वारखंड, कासारवर्णे, चांदेल आणि शेजारच्या गावांतली दोन हजारांहून अधिक एकर जमीन गेली. भरपाई पुरेशी होती की नाही हा वाद वेगळा आणि तो कडवटपणे लढला गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले, जानेवारी २०२३ मध्ये विमाने उतरू लागली, आणि आजूबाजूच्या जमिनींचे भाव डोंगरावरून किनाऱ्यापर्यंत बदलले. ज्या घरांत पैसा आयुष्यभर काजूच्या हंगामातून आणि भातातून थोडाथोडा यायचा तिथे तो एकदम, एका धनादेशात आला. अशा पैशाला घर शोधावे लागते. बँकेचे व्याज कमी वाटते. सहकारी बँकेवर विश्वास ठेवावा तर म्हापसा अर्बन बँकेची आठवण ताजी आहे: २०१५ पासून रिझर्व्ह बँकेची बंधने, आणि एप्रिल २०२० मध्ये परवानाच रद्द.

समजा, अशा एका घरातला माणूस तालुक्याच्या ठिकाणी एका मोठ्या ब्रोकरची पाटी पाहून आत गेला. आत अधिकृत व्यक्ती म्हणून बसलेला माणूस गावचाच, कदाचित नात्यातला. त्याने डिमॅट खाते उघडून दिले, सगळे रीतसर. सहा महिन्यांनी तो म्हणाला, "शेअरात चढउतार फार काका, मी ऑप्शनमध्ये करतो, महिन्याला तीन टक्के धरून चाला, पैसे मात्र माझ्या खात्यावर टाका, लवकर होते." पहिले चार-पाच महिने तीन टक्के आलेही. पुढे काय होते ते सांगायला नको.

फसलेला माणूस तक्रार करतो तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे आहे. एनएसई अशा लोकांविरुद्ध वरचेवर जाहीर इशारे काढते, आणि त्यांच्या शेवटी एक ठरलेला मजकूर असतो: निषिद्ध योजनांत भाग घेणाऱ्याला बाजाराची तक्रार निवारण यंत्रणा, वाद सोडवण्याची सोय किंवा गुंतवणूकदार संरक्षण निधी यांपैकी कशाचाही आधार मिळणार नाही. तर्क सरळ आहे. व्यवहार बाजारात झालेलाच नाही, मग बाजाराने भरपाई का द्यावी? खात्रीशीर परताव्याचे आमिष कायद्याने वर्ज्य आहे हे तुम्हाला कळायला हवे होते. पैसे ब्रोकरच्या खात्यात न भरता त्या माणसाच्या खात्यात भरलेत, हा तुमचा दोष.

हा तर्क मला पटत नाही. तो माणूस रस्त्यावर भेटलेल्या परक्याकडे गेला नव्हता. तो पाटी पाहून गेला होता, आणि पाटी ब्रोकरची होती. त्या पाटीमुळे ब्रोकरला गावागावांतून ग्राहक मिळतात, दलाली मिळते. अधिकृत व्यक्तीने आणलेल्या प्रत्येक सौद्यातला वाटा त्याच्या हिशेबात जमा होतो. नफ्याच्या वेळी पाटी ब्रोकरची आणि तोट्याच्या वेळी ती गावच्या पोराची, ही वाटणी कुठल्या न्यायाने? "त्याचे सगळे कृत्य ब्रोकरचे समजले जाईल" हे नियमाचे वाक्य नेमके त्या कृत्यापाशी येऊन थबकते, जे रोखण्यासाठी ते लिहिले होते.

बँकेशी तुलना केली की विसंगती उघडी पडते. म्हापसा अर्बनचा ठेवीदार ठेव विमा महामंडळापुढे गेला तेव्हा त्याला कुणी विचारले नाही की तू याच बँकेत का ठेवलेस, संचालक कसे आहेत ते पाहिले नव्हतेस का. फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतचे छत्र सगळ्यांना सारखे. शेअर बाजारात मात्र भरपाईचा पहिला प्रश्न तू कुठल्या दाराने आलास हा. दोन्ही ठिकाणी पैसा जपून ठेवणाऱ्या संस्थेने विश्वास मोडलेला आहे. कबूल, शेअर म्हणजे जोखीम आणि ठेव म्हणजे हमी. भाव पडल्याची भरपाई कुणी मागू नये. पण इथे भाव पडलेला नाही. अधिकृत म्हणून बसवलेल्या माणसाने पैसे नेलेत.

हे तालुक्यापुरते आहे असेही नाही. अनुग्रह स्टॉक अँड ब्रोकिंग या मुंबईच्या ब्रोकरला ऑगस्ट २०२० मध्ये एनएसईने व्यवहारांपासून रोखले. तिथेही मुळाशी, ब्रोकरशी जोडलेल्या मंडळींमार्फत चाललेली परताव्याचे आश्वासन देणारी डेरिव्हेटिव्ह योजना होती. मुंबईकर ग्राहक निदान संघटित झाले, वकील नेमून लढले. पेडण्याचा एकटा काय करणार?

शरमेचाही एक भाग आहे, त्याबद्दल कुठलाच अहवाल बोलत नाही. लहान गावात फसलेला माणूस तक्रार करत नाही, कारण फसवणारा देवळाच्या समितीत असतो, किंवा त्याच्या मुलीचे लग्न जमवताना आपणच मध्ये होतो. महिन्याचे तीन टक्के आपण घेतले, त्यावर कर भरला नाही, ही भीती आणखी वेगळी. नियामकाच्या आकड्यांत तक्रार नसेल तर तिथे गुन्हाही नाही.

दुसरी बाजू याहून चमत्कारिक आहे. नियम कडक झाले तसा त्यांचा खर्चही वाढला: रोजचे अहवाल, यंत्रणांचे लेखापरीक्षण, सायबर सुरक्षा, मार्जिनचा काटेकोर हिशेब. हे लहान ब्रोकरला झेपत नाही. तो एखाद्या मोठ्याची अधिकृत व्यक्ती होतो किंवा दुकान बंद करतो. बाजार मूठभर मोठ्या कंपन्यांकडे जमा झाला. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन, ग्रो आणि झिरोधा, बेंगळुरूच्या आणि मुख्यतः ॲपवर चालणाऱ्या. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती वीस कोटींपलीकडे गेली. या कंपन्या ग्राहकाचे शेअर चोरत नाहीत. रचनाच तसे करू देत नाही. पण साखळीच्या तरुणाला "हे ऑप्शन म्हणजे नेमके काय, यात किती बुडू शकतात?" हे विचारायला समोर माणूस नाही. मग तो टेलिग्रामवर विचारतो, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये विचारतो. नियमनाने विश्वासू नसलेला मध्यस्थ हटवला आणि त्याच्या रिकाम्या जागी मुळात ज्याची नोंदच नाही असा मध्यस्थ येऊन बसला.

तो येतो तेव्हा नामांकित ब्रोकरचेच नाव आणि चिन्ह लावून येतो. ॲप हुबेहूब खऱ्यासारखे. त्यात तुमची शिल्लक वाढताना दिसते; काढायला गेलात की आधी कर भरा, मग शुल्क भरा. सेबीने यावर ऑक्टोबर २०२५ पासून एक चांगला उपाय आणला: नोंदणीकृत ब्रोकरांसाठी वेगळे यूपीआय पत्ते, ज्यात '@व्हॅलिड' ही खूण असते आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो; शिवाय खाते खरे की खोटे हे पडताळण्याची सोय. यालाच मी रचना म्हणतो, आणि ती तिजोरीच्या बाहेर, वाटेवर पहिल्यांदाच आली आहे. ती चालायची तर मात्र लोकांना ठाऊक हवी. हिरव्या त्रिकोणातला अंगठा दिसला नाही तर थांबायचे, हे कोरगावच्या निवृत्त शिक्षकाला कोण सांगणार? फसगत झाल्यावर १९३० या सायबर मदतक्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन लागला तर पैसा मधल्या खात्यांत गोठवता येतो. उशीर झाला तर तो भाड्याच्या पाच-सहा खात्यांतून पसार झालेला असतो. सायबर ठाणे रायबंदरला. स्थानिक ठाण्यावर गेलेल्याला "तिकडे जा" म्हणून सांगण्यात तो तास निघून जातो.

आणि सगळे कायदेशीर असेल तर? सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासाप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. ब्रोकरांच्या पडद्यावर हा इशारा दाखवणे २०२३ पासून सक्तीचे आहे, आणि सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्राइतकाच त्याचा परिणाम होतो. मटका बेकायदा, तरी गोव्यात सुरू. कॅसिनो मांडवीत परवान्याने उभे. तिथे हरणारा निदान जुगार खेळतोय हे जाणून असतो. ऑप्शनमध्ये हरणाऱ्याला वाटते आपण गुंतवणूक करतो आहोत. इथे ब्रोकरवरची सगळी देखरेख इतकीच हमी देते की तुमचा पैसा नियमाप्रमाणे गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने सौद्याचा किमान आकार वाढवला, आठवड्याच्या एक्स्पायरी कमी केल्या. ब्रोकरांनी कुरकुर केली, त्यांची मिळकत घटली. घटू दे.

अधिकृत व्यक्तीच्या खिशात गेलेल्या पैशाबद्दल ब्रोकरला जबाबदार धरले तर ब्रोकर तालुक्यातल्या पाट्याच उतरवतील आणि रान नोंद नसलेल्यांना मोकळे होईल, असा आक्षेप येईल. आक्षेपात दम आहे, म्हणून जबाबदारीला मर्यादा हवी. ठरावीक रकमेपर्यंत, आणि त्या माणसाची नोंद चालू असताना घेतलेल्या पैशापुरतीच. त्यावर ब्रोकरने विमा उतरवावा. विमा कंपनीला हप्ता ठरवायचा असेल तर ती स्वतःच पाहायला येईल की पाटीमागे कोण बसले आहे, त्याच्या बँक खात्यात अचानक कुणाचे पैसे येतात का. सेबीचे निरीक्षक जिथे वर्षानुवर्षे पोचत नाहीत तिथे स्वतःचा पैसा गुंतलेला माणूस पोचतो.

"लोक लोभी आहेत, त्यांना कोण वाचवणार" हा दुसरा आक्षेप मला आळशी वाटतो. एकरकमी भरपाई मिळालेला शेतकरी तीन टक्क्यांना भुलला, हे खरे. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, आणि असा परतावा कुणी खात्रीने देऊ शकत नाही, हे त्याला कुठल्या शाळेत शिकवले? गोव्याला वाटा ही गोष्ट नवी नाही. गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादीत गावकारांचे वाटे होते, विकता येणारे भाग होते, हिशेब लिहिणारा कारकून होता आणि त्याच्यावर सरकारी प्रशासक. ती व्यवस्था आदर्श नव्हती, तिच्यात भानगडीही भरपूर. पण वही कुणाच्या घरी आहे आणि तक्रार कुठल्या कचेरीत करायची, हे सामान्य माणसाला चालत जाऊन शोधता येत होते. आज तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स'वर ऑनलाइन करायची असते, ईमेल लागतो, कागद स्कॅन करावे लागतात. बाजाराचे प्रमाणित दस्तऐवज मराठीतही उपलब्ध आहेत. खाते उघडताना ते कुणी मागत नाही आणि कुणी पुढे करत नाही.

एनएसईच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत दोन हजार कोटींहून अधिक रक्कम आहे. तिच्या एका बारीक तुकड्यात जे होईल ते मी मागतो आहे. डिचोली आणि पेडण्याच्या मामलेदार कचेरीत, पंचायतींत आणि पोलीस ठाण्यांत त्या तालुक्यातल्या अधिकृत व्यक्तींची यादी मराठीत आणि कोकणीत लावावी: नाव, ब्रोकर, नोंद कधीपर्यंत, आणि खाली ठळक अक्षरांत, की यांच्या स्वतःच्या खात्यात पैसे भरू नयेत. नोंद रद्द झाली की आठवड्याच्या आत नाव खोडावे. आणि एक टेबल हवे, कागद वाचून सांगणारा आणि तिथल्या तिथे तक्रार भरून देणारा माणूस बसवून. रोज नको. डिचोलीला बुधवारी, पेडण्याला गुरुवारी, म्हापशाला शुक्रवारी, आठवड्याच्या बाजाराला माणसे येतातच त्या दिवशी, सकाळी दहापासून.